पाळण्यातला हुरडा

"दार लाव बे! दार लाव म्हन्ते ना तुले! गारवा चालला सगळा! हुरडा मरन माहा!"

मावशी ओरडत होती ती माझ्यावर, आणि मी त्या वेळी कमरेपर्यंत तिच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात होतो. कमरेपर्यंत म्हणजे डोकं आणि एक हात. पण आत जो बर्फ साचला होता तो पाहिला असता तर तुम्हीही कमरेपर्यंतच म्हणाला असता.

"मावशी, दार लावलं तं मी बाहेर कसा येऊ?" मी आतून विचारलं.

"तू मंग ये. आधी दार लाव."

पलीकडे काका, म्हणजे मावशीचे यजमान, पाळण्याची दोरी हातात धरून शांतपणे झोका देत बसले होते. पाळण्यात गोधडी होती, गोधडीत टॉवेल होता, टॉवेलात बर्फाचे तुकडे होते आणि त्या बर्फाच्या कुशीत हुरड्याच्या पिशव्या होत्या. पाळणा आणला होता येणाऱ्या नातवंडासाठी. नातवंड अजून यायचं होतं. तोवर पहिला मुक्काम हुरड्यानं ठोकला होता.

"काका, हुरड्याले झोका काऊन देऊन राह्यले?"

"सवय करून राह्यलो," काका म्हणाले आणि झोका चालूच ठेवला.

आता हा हुरडा कोण, तो वैशाखात जिवंत कसा आणि त्याच्यावर एवढा जीव कशाला, हे सांगायलाच हवं. त्याआधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढे माझी जी फजिती झाली तिची उंची तुमच्या लक्षात येईल.

धाड गावात बाजाराच्या रस्त्यावर माझं फ्रीज-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. स्वतःच्या तोंडानं स्वतःचं काय सांगायचं, पण दुसरं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. माझा पायरव ऐकून बंद पडलेले कॉम्प्रेसर घुर्र करतात. एकदा मी जीपमधून बुलढाण्याला चाललो होतो, तर रस्त्याकडेच्या घरातला कित्येक महिने मेलेला फ्रीज नुसत्या माझ्या वाऱ्यानं सुरू झाला. त्या घरच्यांनी मला एक पैसा दिला नाही, कारण त्यांना कळलंच नाही. मीही मागितला नाही. मन मोठं पाहिजे माणसाचं.

असा मी. आणि अशा मला माझ्या सख्ख्या मावशीच्या फ्रीजनं तीनदा जमिनीवर लोळवलं.

मावशीची एकुलती एक लेक नाशिककडे दिलेली. तिला दिवस गेलेले, चौथा महिना लागला तेव्हा आमच्याकडे ज्वारीचे शेवटचे हुरडे चालले होते, आणि तिला काही येणं जमलं नाही. मावशीच्या मनाला ते लागलं. तिनं माघात वावरातली उरलीसुरली कोवळी कणसं काकांकडून आणवली, आगटीत भाजली, हात भाजेस्तोवर चोळली, पाखडली आणि गार झाल्यावर पिशव्या भरून फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिली. "असू दे, कधी आली तं खाईन लेक," एवढाच विचार. पण फाल्गुनात फोन आला. तोवर गावातली ज्वारी कापून, खळं होऊन, पोत्यात जाऊन बसलेली. आणि लेक फोनवर म्हणाली, "आई, मले हुरडा खावा वाटून राह्यला वं. दुसरं काहीच नाई. नुसता हुरडा."

झालं. त्या क्षणापासून त्या पिशव्या हुरड्याच्या राहिल्या नाहीत, डोहाळ्यांच्या झाल्या. आणि डोहाळे पुरवले नाहीत तर जन्मलेल्या लेकराचे कान फुटतात, हे मावशीला तिच्या आईनं सांगितलेलं, तिला तिच्या आईनं. काकांचा उजवा कान पावसाळ्यात वाहतो. तो का, तर काकांच्या आईला सीताफळ खावंसं वाटलं होतं आणि मिळालं नाही. घरात चालता-बोलता पुरावा. त्यापुढे आपण काय बोलणार?

लेक वैशाखात बाळंतपणाला माहेरी यायची होती, बाजाराच्या दिवशी, एसटीनं. तोवर हुरडा टिकला पाहिजे. मावशीला दुसरा कुठलाच देव राहिला नाही. सकाळी उठली की आधी वरचा कप्पा उघडून दर्शन, मग तुळशीला पाणी.

आणि नेमका तेव्हापासूनच फ्रीज बिघडायला लागला.

बिघाडसुद्धा कसा? साधासुधा नाही. फ्रीज दोन दारांचा, चांगल्यातला, ज्यात बर्फ साचतच नाही असं विकताना सांगतात तो. त्याची रचना अशी की थंडी तयार होते वरच्या कप्प्याच्या पाठीमागे, आणि एक पंखा ती थंडी फुंकून वर-खाली सगळीकडे पोचवतो. इथे काय झालं, तर वर बर्फाचा डोंगर आणि खाली उन्हाळा. खालच्या कप्प्यात दूध फाटायचं, भेंडी आडवी व्हायची, कालवलेलं पीठ फुगून झाकण उचलून बाहेर डोकवायचं. आणि डोंगर एवढा होऊनही त्या डोंगरात दम नव्हता. बर्फानं पंख्याचा गळा दाबलेला, थंडी पाठीमागेच कोंडलेली, त्यामुळे वरचा हुरडासुद्धा मऊ पडायला लागला. मावशी पिशवी बोटानं दाबून पाहायची. बोट आत गेलं की मावशीचा जीव वर.

"बोट गेलं!" असा फोन मला यायचा. बस, एवढंच. फोन बंद.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी रुबाबात म्हणालो, "हीटर गेलं." या फ्रीजमध्ये बर्फ वितळवणारं एक छोटं हीटर असतं. फ्रीजमध्ये हीटर असतं हे ऐकल्यावर मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न ठरवून आलो आहे. "थंड कराच्या डब्यात गरम कराचं मशीन? बाप्पा, मंग तेच तं बिघाड हाय." मी हीटर बदललं. सगळा बर्फ काढला. त्या बर्फात मला काकांची हरवलेली दाढीची वाटी सापडली. ती तिथे कशी गेली हे काकांनी सांगितलं नाही आणि मावशीनं विचारलं नाही. बर्फ टोपल्यांनी बाहेर नेला आणि म्हशीपुढे टाकला. म्हशीनं तो खाल्ला आणि संध्याकाळी कुल्फी दिली. खोटं सांगत नाही. काडी लावायची तेवढी बाकी होती.

फ्रीज चालला झकास. आठवडाभर मी गावात छाती काढून फिरलो. मग फोन आला. "बोट गेलं!"

दुसऱ्यांदा त्या हीटरला वेळेवर चालू-बंद करणारा टायमर बदलला. दाराचा रबर तपासला. रबर सैल असला की बाहेरची हवा आत शिरते, तिच्यातला ओलावा आत गोठतो आणि बर्फ साचतो, हे आमच्या धंद्यातलं पहिलीच्या पुस्तकातलं ज्ञान. त्याची परीक्षा सोपी. कागदाची पट्टी दारात धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघून आली तर रबर गेला. मी कॅलेंडरचं जुनं पान फाडून चारही बाजूंनी लावून पाहिलं. पान फाटलं पण निघालं नाही. रबर असा घट्ट, की सावकाराची मूठ परवडली.

"रबर पास," मी जाहीर केलं.

"फ्रीज नापास," काका म्हणाले.

काका कमी बोलतात, पण जे बोलतात ते माणसाला जिव्हारी लागेल अशा बेतानं बोलतात.

त्या दुसऱ्या फेरीत बर्फ फोडताना मला त्याच्यात एक हिरवी मिरची सापडली. गोठलेली, कडक, देठाला काळ्या दोऱ्याचा तुकडा. मी मावशीला दाखवली. तिनं ती माझ्या हातातून इतक्या चपळाईनं घेतली की माझ्या बोटांना वारा लागला. "भाजीतली असन," ती म्हणाली आणि पदरात बांधून टाकली. आता सांगा, भाजीतल्या मिरचीला कोण पदरात बांधतं? पण मी त्या वेळी टायमरच्या तंद्रीत. मोठ्या माणसाचं लक्ष लहान गोष्टींकडे जात नाही.

मावशीचं निदान मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. शेजारची काकू.

शेजारची काकू म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारी, गोल चेहऱ्याची, साखरेसारखी बाई. तिच्यात एकच खोड. ती जे पाहील त्याचं कौतुक करते. "माय वं, काय भरली वांगी तुमच्या परसात!" म्हणाली की दुसऱ्या दिवशी वांग्यांत अळी. "माय वं, काय केस हायत पोरीचे!" म्हणाली की पोरीला टायफॉईड. यात काकूचा काडीचा दोष नाही. पण गल्लीतल्या बायका तिला येताना पाहून लेकरांच्या गालाला काजळ फासतात. आणि नेमकं फाल्गुनात या काकूनं मावशीकडे विरजण मागायला यावं, मावशीनं वरचा कप्पा उघडलेला असावा, आणि काकूनं मान वाकवून आत पाहून म्हणावं, "माय वं! केवढा हुरडा ठेवला वं बाई! अन् काय गार फ्रीज हाय तुमचा!"

"झालं," मावशी मला सांगत होती. "तिची नजर हुरड्यावरून फ्रीजवर अन् फ्रीजवरून मशीनवर गेली. तू हीटर बदल नाई तं तुह्यं डोकं बदल."

मी हसलो. खूप हसलो. तेच चुकलं. मावशीनं तेव्हाच ठरवलं असणार की या पोराला पुढचं काही सांगायचं नाही.

तर आता आपण पुन्हा तिथे येऊ, जिथे मी आत होतो आणि मावशी बाहेरून दार लावू पाहत होती. ही तिसरी फेरी. बाजार परवावर आलेला. लेकीनं एसटीचं तिकीटसुद्धा काढून ठेवलेलं. आणि या खेपेला बर्फ असा जमला होता की वरच्या कप्प्याचं दार लागत नव्हतं. मी हातोडी-छिन्नी घेतली. गरम पाण्याची पातेली ठेवली. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, कूलरची ओली हवा सोसाट्यानं अंगावर, आणि मी त्या घरात थंडीनं कुडकुडत हात शेकायला चुलीपाशी जात होतो. बर्फाचा एक कडा कोसळला तेव्हा जमीन हादरली. काकांनी झोका थांबवून वर पाहिलं आणि म्हणाले, "मांजर दाबलं का पाह्य." मांजर दाबलं नव्हतं. मांजर गारव्याला येऊन बर्फाच्या ढिगावर झोपलं होतं, पोट वर करून.

सगळं स्वच्छ केलं. पंखा नवा टाकला. कागदाची पट्टी लावली; पट्टी फाटली, निघाली नाही. फ्रीज सुरू केला. दिवेलागणीपर्यंत खालचा कप्पा गार, वरचा कडक. हुरडा पाळण्यातून काढून वर ठेवला. मावशीनं पिशवी दाबली. बोट गेलं नाही. मावशीच्या डोळ्यात पाणी आलं.

"आता तीन पिढ्या बघायला नको," मी म्हणालो, चहा घेतला आणि निघालो.

आणि दुकानात येऊन पाहतो तर टेस्टर विसरलेला. विजेचा टेस्टर म्हणजे मेकॅनिकचं जानवं. त्याच्याशिवाय मला खिसा रिकामा वाटतो. तसाच उलट्या पावली गेलो. दार उघडंच होतं. मी आत पाऊल टाकलं आणि जागीच थांबलो.

फ्रीजच्या वरच्या दारावर जत्रा भरली होती.

एक काळी बाहुली. तिच्या शेजारी तिची बहीण, जरा ठेंगणी. त्यांच्या मध्ये लिंबू-मिरच्या. त्यांच्याखाली लहान लेकराची एक चप्पल, उलटी. एक बिब्बा. एक घोड्याची नाल, म्हणजे वजनाला सव्वाशेर लोखंड. आणि या सगळ्यांचे काळे दोरे, जाड, पीळदार, गाठी मारलेले, कुठे गेलेले? दाराच्या कडेवरून थेट आत. रबराखालून. दाराच्या आतल्या जाळीला बांधलेले. मावशी शेवटच्या दोऱ्याची गाठ मारत होती आणि काका टॉर्च धरून उभे होते.

"मावशी," मी म्हणालो, "हे काय?"

मावशी दचकली नाही. ती कधीच दचकत नाही. "बाहुली हाय. दिसत नाई का?"

"ती आत काऊन बांधली?"

"हुरडा आत हाय ना. बाहुली बाहेर बसून काय करन? तिले आतून धरलं पाह्यजे."

हळूहळू सगळं बाहेर आलं, म्हणजे दोरे सोडून सगळं. पहिली बाहुली बांधली फाल्गुनात, काकूनं हुरडा पाहिला त्याच संध्याकाळी. म्हणजे फ्रीज धडधाकट होता तेव्हा. दोऱ्यापाशी रबर उचललेला राहायचा, त्या फटीतून हवा आत. चैत्रात कूलर लागला, आणि कूलरची ओली हवा त्या फटीतून दिवसभर आत शिरायला लागली. मग बर्फ साचणार नाही तर काय हरभरे उगवणार? फ्रीज बिघडला म्हणून मला फोन. मी यायच्या आधी मावशी सगळ्या बाहुल्या सोडून, मडक्यात झाकून ठेवायची. का? तर दुरुस्तीवाल्याचा हात लागला की बाहुली बाटते, आणि शिवाय मी हसतो. म्हणून माझ्या कागदाच्या पट्टीला रबर घट्टच लागायचा. मी बर्फ काढून, चहा पिऊन गेलो की बाहुल्या परत जागेवर. मग फ्रीज परत आजारी. मग मावशी म्हणणार, एका बाहुलीनं भागत नाही, आणि दुसरी बांधणार. दुसरा दोरा, मोठी फट. मग लिंबू. मग चप्पल. मग नाल.

म्हणजे मी हीटर बदलत होतो, मावशी दोरे वाढवत होती, आणि आम्ही दोघं मिळून त्या बिचाऱ्या फ्रीजला मारत होतो. धंद्यात एवढी वर्षं घातली, पण औषधानंच वाढणारा असा रोग मी पाहिला नव्हता.

"मावशी, या दोऱ्यांनीच..." मी सुरुवात केली.

"दोऱ्यांले हात लावशीन तं पाह्य," मावशी म्हणाली. तिच्या हातात अजून नाल होती.

इथे एखादा शहाणा माणूस तिला ओलावा, गोठणबिंदू वगैरे समजावत बसला असता आणि डोक्याला टेंगूळ घेऊन गेला असता. मी शहाणा नाही, मी मेकॅनिक आहे. मी खाली बसलो, कपाळाला हात लावला आणि हळूच म्हणालो, "दोरे बराबर हायत मावशी. पण जागा चुकली."

"काय चुकलं?"

"नजर येते कुठून? दारातून? दार तं बंद असते. नजर येते लाइटीतून." मी भिंतीवरच्या स्टॅबिलायझरकडे बोट केलं. त्याचा काटा नेहमीसारखा थरथरत होता, कारण गावातले सगळे मोटारपंप एकदम चालू झाले होते. "पाह्य ना. काकूच्या घरची वायर अन् तुह्या घरची वायर एकाच खांबावरून आली. काटा कसा उडून राह्यला! आता ती तिकडे फ्रीजचं नाव घेत असन."

काकांनी स्टॅबिलायझरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि टॉर्च विझवला. मावशी मात्र काट्याकडे टक लावून बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"हाव का?" ती म्हणाली.

"हाव."

"तुह्या शिक्षणात हे बी शिकवते?"

"हे शेवटच्या वर्षाले असते."

तिनं स्वतःच्या हातानं एकेक दोरा आतून सोडला आणि सगळी वरात स्टॅबिलायझरला बांधली. नालेच्या वजनानं स्टॅबिलायझर भिंतीवरून एक बोट खाली आला, पण धरून राहिला. मी दार लावलं. रबर चारही बाजूंनी असा बसला की जणू दोन दूरचे भाऊ भेटले.

दुसरा दिवस गेला. बर्फाचा कण नाही. खालच्या कप्प्यात दूध दुधासारखं राहिलं, पीठ पिठासारखं. काकू विरजण मागायला आली, मावशीनं मुद्दाम तिच्यासमोर वरचं दार उघडलं. काकू म्हणाली, "माय वं, काय गार फ्रीज!" मावशी स्टॅबिलायझरकडे बघून हसली. काटा जरा हलला आणि जागेवर आला. माझा लबाड जीव सुखावला. मी दुकानावर पाटी लावायच्या विचारात होतो: यंत्राचे आणि नजरेचे सर्व बिघाड.

बाजाराच्या दिवशी एसटी आली. लेक उतरली, सातव्या महिन्याची, दमलेली, उन्हानं लाल. तिला कूलरपुढे बसवली. मावशीनं तव्यावर हुरडा परतला. सगळं घर माघाच्या वासानं भरलं. बाहेर वैशाख, आत माघ. जवसाची चटणी, दही, गुळाचा खडा, सगळं ताटात. काकूही आली होती पोरीला बघायला, उंबऱ्यात उभी. काका पाळण्याची दोरी धरून. मी कपाटाला टेकून, कारण हा माझाच सत्कार आहे असं मला वाटत होतं.

लेकीनं चिमूटभर हुरडा तोंडात टाकला. चावला. आणखी चावला. ताट हळूच बाजूला सरकवलं.

"आई, तुले राग नको येऊ देऊ," ती म्हणाली.

मावशीचा हात हवेतच राहिला. "काऊन वं? आंबला का?"

"नाई, चांगला हाय. पण मले हुरड्याची इच्छा मागच्या महिन्यातच गेली. आता नाई खावा वाटत."

  मावशीनं पदर सावरला आणि विचारलं, "मंग आता काय खावा वाटते माह्या बाईले? सांग. जे म्हनशीन ते आनते."

"बर्फ."

मी एकदम पुढे झालो. "एवढंच? ट्रेभर तयार हाय!" मी खुळखुळ करत बर्फाचे चौकोनी खडे काढून दिले.

तिनं एक खडा तोंडात घातला आणि थुंकला. "हा नाई दादा. हा काचेसारखा लागते. तो पाह्यजे. फ्रीजच्या आत वर जमते ना, भुसभुशीत, चमच्यानं खरवडाचा. त्याले थोडा फ्रीजचा वास बी असते. दिवसरात्र तोच आठवते मले. सासरी एवढुसाच जमते अन् सासूबाई पुसून टाकते. म्हनून तं मी दिवस मोजत होती. आई फोनवर म्हने, आपल्याकडे डोंगर झाला बर्फाचा."

मी वरचा कप्पा उघडला. आत लख्ख. कोरडा. धुतलेल्या ताटासारखा. मी आयुष्यात एवढं चांगलं काम केलं नव्हतं.

"कुठी गेला तो बर्फ?" लेकीनं विचारलं.

"म्हशीनं खाल्ला," काका म्हणाले.

लेकीचे डोळे भरून आले. मावशीनं काकांच्या उजव्या कानाकडे पाहिलं, आणि मी शपथेवर सांगतो, पाऊस नसतानाही तो कान त्या क्षणी वाहायला लागला.

तेवढ्यात उंबऱ्यातून काकू म्हणाली, अगदी मायेनं, "माय वं, तेवढंच ना? माह्या जुन्या फ्रीजमध्ये तं बोट-बोट जमला हाय. वाटीभर खरवडून आनू का?"

मी मनात म्हटलं, सुटलो. "घे ना मावशी," मी म्हणालो. "एका वाटीचा तं सवाल हाय. या फ्रीजमध्ये आता बर्फ नाई जमत. मी गॅरंटी देली हाय."

मावशीनं काकूकडे पाहिलं. लेकीकडे पाहिलं. भिंतीवर लटकलेल्या दोन बाहुल्या, लिंबू, चप्पल आणि नालेकडे पाहिलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी पाहिलं होतं तसंच, बराच वेळ. आणि भाजीत मीठ टाकायला सांगावं तशा आवाजात म्हणाली,

"ते दोरे सोड तिथले. अन् पयल्यासारके आतून बांध."